ब्रिटनच्या शून्याला ब्रेक्झिट जबाबदार नाही

महोदय,

युरोव्हिजन या देशोदेशींच्या गीतस्पर्धेवरील आपल्या पुरवणीतील लेखात ब्रिटनला २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे प्रेक्षकांकडून शून्य गुण मिळाल्याचे खापर ब्रेक्झिटवर फोडले आहे. तर्क सोयीचा आहे, पण आकड्यांपुढे टिकत नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला जानेवारी २०२० मध्ये. त्यानंतर २०२२ मध्ये तुरिनला याच ब्रिटनचा सॅम रायडर ४६६ गुण घेऊन दुसरा आला. त्यातले १८३ गुण प्रेक्षकांचे होते. उरलेले देशोदेशीच्या परीक्षकांचे, आणि त्यांच्या यादीत तर तो पहिलाच होता. युरोपचा राग काय त्या एका वर्षापुरता ओसरला होता?

शून्य कसे पडते, हे लेखात यायला हवे होते. प्रत्येक देशाच्या प्रेक्षकांची मते वेगळी मोजतात आणि फक्त पहिल्या दहा गाण्यांना गुण देतात: १ ते ८, मग १० आणि १२. अंतिम फेरीत साधारण २६ गाणी असतात. एखादे गाणे सगळ्या देशांत अकरावे आले, तरी त्याची बेरीज शून्यच. शिवाय घरी बसलेला माणूस आवडलेल्या गाण्यालाच मत देतो. ‘बरे होते’ म्हणून कोणी फोन उचलत नाही. परीक्षकांचे तसे नसते. प्रत्येक देशातल्या परीक्षकांना (२०२५ पर्यंत पाच जणांना) सगळ्या गाण्यांचा क्रम लावावा लागतो, त्यामुळे नीटनेटक्या गाण्याला तिथे काहीतरी मिळून जाते. म्हणूनच २०२५ मध्ये ब्रिटनच्या पदरी परीक्षकांचे ८८ गुण पडले आणि प्रेक्षकांचा भोपळा. त्याच रात्री स्वित्झर्लंडला परीक्षकांनी २१४ गुण दिले, प्रेक्षकांनी शून्य. २०२१ मध्ये रॉटरडॅमला प्रेक्षकांकडून शून्य मिळवणाऱ्या चार देशांत खुद्द यजमान नेदरलँड्स होता. त्यांनी कुठला संघ सोडला होता?

मतदानात राजकारण नसतेच, असे मुळीच नाही. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना १२ गुण देतात, हा तर दरवर्षीचा विनोद झाला आहे. २०२२ मध्ये युक्रेनला प्रेक्षकांनी दिलेल्या ४३९ गुणांत सहानुभूतीचा वाटा होता, हेही उघड आहे. पण सहानुभूतीने गुण वाढतात, म्हणून रागाने ते शून्यावर येतात असे होत नाही. नावडत्या देशाविरुद्ध मत देण्याची सोयच इथे नाही.

खरी गडबड सादरीकरणात आहे. नियमानुसार गाणे फार तर तीन मिनिटांचे, मंचावर जास्तीत जास्त सहा जण, वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित आणि मुख्य आवाज मात्र प्रत्यक्ष. २०२१ पासून साथीचे आवाज ध्वनिमुद्रित चालतात, मुख्य गायकाला ती सवलत नाही. २०२४ मध्ये ब्रिटनच्या ऑली अलेक्झांडरला नर्तकांसह उलटसुलट कसरती करत गायला लावले. कॅमेऱ्याची करामत देखणी होती, पण दम लागला की सूर हलतो आणि माइक तो लपवत नाही. रायडर बराचसा वेळ एका धातूच्या सांगाड्यात उभा राहून गायला. वरचे सूर स्वच्छ लागले, शेवटी गिटार घेतली, संपले. ब्रिटनच्या २०२५ च्या गाण्यात तिघींचे आवाज उत्तम जुळले होते, पण लय इतक्या वेळा बदलली की पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या ओठांवर एकही ओळ राहू नये.

२००३ मध्ये रिगा येथे ब्रिटनला एकूणच शून्य मिळाले, तेव्हा इराक युद्धाकडे बोट दाखवले गेले होते. ब्रिटनकडून गाणाऱ्या जोडीचे गाणे चक्क बेसूर झाले होते, हे ध्वनिचित्रफीत पाहिली की कळते.

गाण्याची निवड जनतेवर सोपवा, हा लेखातील उपायही करून झाला आहे. २०१६ ते २०१९ बीबीसीने प्रेक्षकांची मते घेऊन गाणे निवडले, काही वर्षे परीक्षकांच्या जोडीने. क्रमांक आले २४, १५, २४ आणि २६. स्वीडनही निवड स्पर्धेतूनच करतो, पण ती अनेक आठवडे चालते, अंतिम फेरीत निम्मे गुण परदेशी परीक्षकांच्या हाती असतात आणि प्रत्येक गाणे प्रकाशयोजना व कॅमेऱ्यांसह पूर्ण बसवलेले असते. मे महिन्यात युरोव्हिजनच्या मुख्य मंचावर प्रत्येक देशाला तालमीसाठी मिनिटे मोजून मिळतात. स्वीडनचा चमू तेवढ्यात फक्त बारीकसारीक दुरुस्त्या करतो. इतरांना कॅमेरा कुठे वळणार, इथपासून सुरुवात करावी लागते.

— एक वाचक, ठाणे