प्रोस्टेटची वनौषधी आणि एक राहिलेली ओळ

संपादक महोदय,
स. न.

आपल्या आरोग्य पुरवणीतला, प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी वाढल्यावर घ्यायच्या वनौषधींचा लेख वाचला. गोखरू, वरुणाची साल, पुनर्नवा, भोपळ्याच्या बिया, परदेशी ‘सॉ पाल्मेटो’, सगळ्यांची माहिती त्यात होती. या दुखण्यात लघवी पूर्ण तुंबू शकते, हे मात्र एका ओळीतही नव्हतं. ती ओळ आम्हाला वेळेवर वाचायला मिळाली असती तर फार बरं झालं असतं, म्हणून हे पत्र.

माझे यजमान ६८ वर्षांचे आहेत. धार बारीक झाली तेव्हा त्यांनी ओळखीच्या एकाने सुचवलेलं चूर्ण सुरू केलं आणि ते दीड वर्ष घेतलं. रात्री चार-पाच वेळा उठायचे. मीही जागीच असायचे. दिवा लागायचा आणि मग बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. एकदा दार नुसतं लोटलेलं होतं, म्हणून डोकावले. एक हात भिंतीला टेकवून, मान खाली घालून ते उभे होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “औषध लागू पडतंय बघ. सारखी होतेय.” मलाही हायसं वाटलं.

मूत्राशय नीट रिकामं होत नसेल तरीही थोडी थोडी लघवी सारखी होत राहते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. जी खूण धोक्याची, तीच आम्ही गुणाची मानली. त्यात गोखरू आणि पुनर्नवा मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारे मानले जातात, त्यामुळे शंका यायला जागाच उरली नाही.

पुढे त्यांना सर्दी झाली आणि घरात होती ती सर्दीची गोळी त्यांनी घेतली. त्या रात्री लघवी साफ बंद झाली. पहाटेपर्यंत ओटीपोट दगडासारखं घट्ट झालं होतं आणि त्यांना ना बसवत होतं ना झोपवत होतं. रुग्णालयात नळी घातली तेव्हा पिशवीत बघता बघता अकराशे मिली लघवी जमली. एरवी चारशे-पाचशे मिलीलाच माणसाला धीर धरवत नाही. मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढून २.८ आलं, म्हणजे तुंबलेल्या लघवीचा ताण मूत्रपिंडांपर्यंत पोहोचला होता. डॉक्टरांनी सांगितलं की नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनी मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू आवळले जातात आणि काही ॲलर्जीच्या औषधांनी मूत्राशयाचा जोर कमी होतो. आधीच अरुंद झालेल्या वाटेला तेवढं निमित्त पुरतं.

नंतर मी याविषयी पुष्कळ वाचलं. सॉ पाल्मेटोची उत्तर अमेरिकेत दोनदा कसून चाचणी झाली आहे. २००६ मध्ये २२५ पुरुषांना वर्षभर ते किंवा तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी दिली, दोन्हींत फरक दिसला नाही. २०११ च्या चाचणीत ३६९ पुरुष होते. मात्रा वाढवत वाढवत नेहमीच्या तिप्पट केली, तरी निष्कर्ष तोच. विशेष म्हणजे बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांनाही बरं वाटलं होतं! हा त्रास आपोआप कमी-जास्त होत असतो, म्हणून नुसत्या ‘फरक वाटतो’वर विसंबता येत नाही. बीटा-सिटोस्टेरॉल या वनस्पतिजन्य घटकाने लक्षणं कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे, तेही मी नाकारत नाही. पण ते अभ्यास काही महिन्यांचेच होते, आणि लक्षणं कमी होणं म्हणजे ग्रंथी आकसणं नव्हे.

आयुर्वेदाला किंवा कुणा वैद्याला दोष द्यावा असं माझ्या मनातही नाही. आम्ही वैद्यांकडेही गेलो नव्हतो आणि डॉक्टरांकडेही. खरं कारण संकोचाचं होतं. गुदद्वारातून बोटाने तपासतात हे ऐकल्यापासून यजमान तो विषयच टाळायचे. ती तपासणी मिनिटभरात उरकली. “एवढ्यासाठी मी दीड वर्ष घाबरलो,” असं ते गाडीत बसल्यावर म्हणाले आणि घर येईपर्यंत गप्प होते.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. क्रिएटिनिन १.३ वर आलं आहे, त्याहून खाली येत नाही.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा शेजारी एक चौकट द्या. त्यात लिहा, की कुठलंही चूर्ण सुरू करण्याआधी सोनोग्राफी करून लघवीला जाऊन आल्यावर आत किती उरते ते पाहावं, क्रिएटिनिन तपासावं आणि पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी करायची का ते डॉक्टरांना विचारावं, कारण कर्करोग आहे की नाही हे नुसत्या लक्षणांवरून कळत नाही. लघवीत रक्त दिसलं, थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. आणि सर्दीच्या गोळीचा उल्लेख कृपया गाळू नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका