काशीनरेशांची विहीर

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. इकडच्या खेड्यांविषयी सविस्तर लिही, असे बाबांनी कळवले होते, म्हणून आज ऑक्सफर्डशायरमधील स्टोक रो या एकाच लहानशा गावाविषयी लिहितो. या गावाची ओळख ठरलेली वास्तू काशीच्या राजाने बांधून दिलेली आहे. तुम्ही दोघे काशीयात्रा करून, गंगेपलीकडचा रामनगरचा किल्ला पाहून आलेले असल्यामुळे तिची हकीकत तुम्हाला कळवावी असे फार मनात होते.

स्टोक रो हे थेम्सकाठच्या हेन्लीच्या पश्चिमेला, चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावर वसले आहे. भोवती बीच वृक्षांची दाट राने आहेत. पूर्वी या रानांत बसून कारागीर खुर्च्यांचे पाय कातत आणि ते हाय विकमच्या कारखान्यांना पुरवीत. गावातले चर्च एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातले, म्हणजे इकडच्या मानाने अलीकडचेच आहे. लाकूड मुबलक असले तरी या गावाला पाणी मात्र नव्हते. टेकड्यांच्या पोटात पांढरा, मऊ चुनखडक असल्यामुळे पावसाचे पाणी मुरत मुरत शेकडो फूट खोल जाते आणि झरे फुटतात ते खाली खोऱ्यात. त्यामुळे बारमाही पावसाच्या या देशातही इथली माणसे डबक्यांत आणि माती काढून सोडून दिलेल्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्यावर दिवस काढीत. उन्हाळा कोरडा गेला, तर एका घरी स्वयंपाकाला वापरलेले पाणी शेजारच्या घरी दिले जाई.

जवळच्याच इप्सडेन गावचे एडवर्ड अँडरडन रीड हे त्या काळी आपल्याकडे वायव्य प्रांतात मोठे अधिकारी होते. १८३१ मध्ये त्यांनी आझमगढकडील लोकांना विहीर खोदण्यास मदत केली होती. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्यांचा स्नेह होता, आणि पाण्याच्या दुर्भिक्ष्याविषयी बोलताना त्यांनी आपल्या गावाकडची एक आठवण राजाला सांगितली होती. घरात उरलेले शेवटचे पाणी पिऊन टाकले, म्हणून स्टोक रोच्या एका लहान मुलाला त्याच्या आईने मारले होते. आई, तुला ही गोष्ट वाचून त्या मुलाइतकेच त्या बाईचेही वाईट वाटेल, हे मी जाणतो. पुढे रीड निवृत्त होऊन मायदेशी परतले आणि इंग्लंडमध्ये काही धर्मादाय काम करावे असे राजाच्या मनात आले, तेव्हा त्याला हेच गाव आठवले.

१८६३ मध्ये खोदकाम सुरू झाले. विहिरीचा व्यास अवघा ४ फूट आणि खोली ३६८ फूट, म्हणजे लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या उंचीहूनही थोडी अधिक. एवढ्या अरुंद भोकात उतरून माणसांनी हे सारे हाताने खोदले आणि माती पोहऱ्यांनी वर ओढून काढली, हे तिथे उभे राहिल्यावर खरेच वाटत नाही. खर्च साडेतीनशे पौंडांहून थोडा अधिक आला. २४ मे १८६४ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर लोकांसाठी खुली झाली. वर खांबांवर तोललेला घुमट आहे आणि त्याखाली रहाटाच्या यंत्रावर सोनेरी मुलामा दिलेला हत्ती उभा आहे. भरलेला पोहरा वर यायला सुमारे दहा मिनिटे लागत.

मला सर्वांत मोलाची वाटते ती या दानामागची दूरदृष्टी. पाणी सर्वांना विनामूल्य मिळावे, अशी व्यवस्था केली होती. देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावली आणि तिला राजाच्या नावावरून ईश्री बाग म्हटले. विहिरीची राखण करणाऱ्यासाठी एक छोटे अष्टकोनी घरही बांधले. १८५७ च्या उठावाला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती, आणि काशीनरेश इंग्रजांच्या बाजूचे असल्याने राणीपुढे निष्ठा दाखवणे हाही या देणगीचा हेतू होता, हे मान्यच करायला हवे. तरीही निष्ठा दाखवायला लंडनमध्ये एखादा पुतळा उभारला असता तरी पुरले असते. कधीही न पाहिलेल्या खेड्यातल्या मजुरांची तहान ज्याला महत्त्वाची वाटली, त्याच्याविषयी वाचताना रामेश्वराला नेण्याची कावड तहानलेल्या गाढवापुढे रिकामी करणारे एकनाथमहाराज मला आठवले.

सुमारे सत्तर वर्षे गावाने ही विहीर वापरली. नंतर नळ आले. १९६४ मध्ये शताब्दीच्या समारंभाला राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप आले होते, आणि त्या वेळी काशीहून आणलेले गंगाजल विहिरीत ओतण्यात आले.

बाबा, अशी दाने पुढेही झाली. आपल्या मुंबईच्या कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये पाणपोई बांधून दिली आहे, ती १८६९ सालची. तुम्ही एप्रिलच्या अखेरीस इकडे आलात, तर आधी ती पाहू आणि मग मोटारीने स्टोक रोला जाऊ. विहिरीपर्यंतची वाट सपाट आहे, त्यामुळे आईच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. व्हिसाचे कागद या आठवड्यात पाठवतो.

तुमचा,
चिरंजीव