माध्यम : सुई-दोरा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मागच्या वर्षी एका चित्रप्रदर्शनासाठी काम घेऊन गेले होते. वडिलांच्या जुन्या धोतरावर आमच्या रानाचा सातबारा भरला होता. रकान्यांच्या रेघा धावदोऱ्यात, अक्षरं काळ्या दोऱ्याच्या उलट्या टिपेत आणि 'इतर हक्क' या रकान्यात आईचं आणि दोन आत्यांची नावं लाल रेशमाच्या साखळी टाक्यात. अकरा महिने लागले. टेबलावरच्या गृहस्थांनी फॉर्म वाचला. माध्यमाच्या रकान्यात मी 'सुती कापडावर सुई-दोरा' असं लिहिलं होतं. ते म्हणाले, "तैलरंग, जलरंग, ॲक्रिलिक, मिश्र. यातलं एक सांगा." मिश्र म्हणावं तर त्यात मिसळलेलं काहीच नव्हतं. शेवटी घडी घालायला त्यांनीच हात लावला आणि अगदी मनापासून म्हणाले, "ताई, रुखवतात मांडा. उठून दिसेल."

प्रदर्शन कुणाचं ते लिहीत नाही. माणूस भला होता, रकानाच नव्हता त्याच्याकडे.

आमच्याकडे, कोल्हापूर-सांगलीकडे, इरकल लुगड्यांवरचा कशिदा धारवाडकडून यायचा. त्याला कसुती म्हणतात. गवंती, मुरगी, नेगी, मेंथी हे त्यातले टाके. त्यातली गवंती बघण्यासारखी असते. कापडाचे धागे मोजत सुई एक टाका घालते, एक जागा सोडते, अशी टोकापर्यंत जाते आणि परत येताना सोडलेल्या जागा भरत येते. गाठ कुठेच नाही. कापड पालथं केलं तरी नक्षी तीच. आई कुणाचंही काम हातात घेतलं की आधी उलटं करायची. सुलट बाजू बघायची तिला कधी घाई नसे. प्रदर्शनात मात्र भरतकाम लागलंच, तर काचेत आणि मागून पुठ्ठा ठोकून. (काच लावणाऱ्यांनी कधी सुई धरली असेल असं वाटत नाही.)

सुईचं काम कलादालनात न्यायचं म्हणजे काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. 1964 साली चिलीच्या गायिका व्हिओलेता पारा यांनी पॅरिसला, लूव्रच्या वास्तूतल्या सजावटी कलांच्या संग्रहालयात, आपली लोकरीनं भरलेली चित्रं मांडली होती. 2017 मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या 'डॉक्युमेंटा' या आजच्या कलेच्या मोठ्या प्रदर्शनात सामी कलावंत ब्रिटा मराकाट-लाब्बा यांची 'हिस्टोर्या' ही भरतकामाची पट्टी होती. उंची जेमतेम 39 सेंटीमीटर आणि लांबी जवळपास 24 मीटर. उत्तर युरोपातल्या सामी लोकांचा इतिहास त्या पट्टीवर टाक्याटाक्यानं चालत जातो, 1852 च्या उठावासकट.

आणि मुंबईचं काय? जानेवारी 2020 मध्ये पॅरिसच्या रोदाँ संग्रहालयाच्या बागेत अमेरिकन कलावंत ज्युडी शिकागो यांच्या भल्यामोठ्या पताका लागल्या, 'बायकांनी जग चालवलं तर?' असा सवाल करणाऱ्या. त्या भरल्या मुंबईत, 'चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्ट'मध्ये शिकणाऱ्या बायकांनी. 2024 मध्ये बिएनाले या कलाप्रदर्शनाच्या काळात व्हेनिसला मनू आणि माधवी पारेख यांच्या चित्रांवरून केलेली भरतकामं मांडली गेली, तीही याच शाळेतली. 30 मार्च 2023 ला गेटवे ऑफ इंडियासमोर डिओर या फ्रेंच कंपनीचा फॅशन शो झाला, तेव्हा उभारलेलं प्रचंड तोरण सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. ते कुणाच्या हातचं, हे तोरणाखाली फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांना सांगता आलं असतं?

इथे प्रश्न अवघड आहे, हे मान्य. रेखाटन एकाचं, टाके दुसऱ्याचे, तर कलावंत कोण? धारावी-कुर्ल्यात जरदोजीच्या अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून बांधलेल्या लाकडी चौकटीवर, चारपाच जण समोरासमोर बसतात आणि नक्षीतलं एकच पान दोघांच्या हातांतून पुरं होतं. पण याचं उत्तर आपल्याकडे कधीचंच आहे. नाटकाची जाहिरात उघडा. लेखक, दिग्दर्शक आहेतच, पण नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, वेशभूषा, रंगभूषा, सूत्रधारसुद्धा. कुणाचा मान त्यानं कमी झाला? चित्राखालच्या पट्टीवर 'रेखाटन : अमुक, भरतकाम : तमुक' एवढं छापायला कितीशी शाई लागते.

जुलै 2023 मध्ये हंपीला जी-20 च्या बैठकीच्या वेळी लंबाणी, म्हणजे कर्नाटकातल्या बंजारा बायकांच्या, भरतकामाच्या 1,755 वस्तू एकत्र मांडून गिनीज विक्रम झाला. आनंदच आहे. पण मोजणं वेगळं आणि त्यांच्या एका कांचळीसमोर, म्हणजे भरलेल्या चोळीसमोर, पाच मिनिटं उभं राहणं वेगळं. आपल्याकडे पोहरादेवीला ऑक्टोबर 2024 मध्ये बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. आज तांड्यावर बसून भिंगं-कवड्या लावणारी बाई या वर्षी काय भरते आहे, तिच्या मनानं काय नवं काढते आहे, त्यासाठी तिथली एक भिंत ठेवता येईल. संग्रहालयात फक्त आजीचा घागरा असावा असं कुठे लिहिलंय?

साहेब, कला संचालनालय तुमच्याकडे नाही, ते उच्च व तंत्र शिक्षणाकडे. कापड वस्त्रोद्योगाकडे. बचतगटाच्या बायका ग्रामविकासाकडे, 'महालक्ष्मी सरस' या बचतगटांच्या विक्री-प्रदर्शनातल्या स्टॉलवर, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. तिथे पर्स खपतात, चांगलं आहे, माझ्याही खपल्या आहेत. पण प्रभादेवीची पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमी तुमच्याच खात्याची आहे आणि तिला कलादालन आहे. वर्षातले पंधरा दिवस ते सुईच्या कामाला द्या. निवड करायला चित्रकारांबरोबर एखादा अड्ड्यावरचा उस्ताद आणि एखादी तांड्यावरची बाई बसवा. दिवे मंद ठेवा, कापडाला 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड सोसत नाही. काही कामं छतापासून मोकळी सोडा, म्हणजे लोकांना मागूनही बघता येतील. आणि जमलंच तर दोन-चार कामं खात्यानं विकत घ्यावीत, मंत्रालयात येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसतील अशी लावावीत.

माझा सातबारा सध्या ट्रंकेत कडुलिंबाच्या पाल्यात आहे. अर्जाचा नमुना निघाला की पहिल्या दिवशी भरून आणते. आत्यांची नावं मागच्या बाजूनंही वाचता येतात, फक्त उलटी.

आपली,
भरतकाम करणारी एक बाई
कोल्हापूर