वरच्या मजल्यावरच्या काकांना, गणितासाठी

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन वर आले होते, पण आभार मानायचे राहूनच गेले. तुम्ही दारातच "मार्क कळले गं, तो शेवटचा प्रश्न कसा सोडवलास ते सांग" म्हणालात आणि बोलणं तिकडेच वळलं. म्हणून आता लिहिते आहे, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आपल्या नाशिकरोडला सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेली, गणित पक्कं असलेली कितीतरी माणसं आहेत. त्यांच्याच बिल्डिंगमध्ये अकरावी-बारावीची मुलं एकेका गणितावर अडून बसलेली असतात. त्यांची गाठ पडत नाही. माझी पडली, हे माझं नशीब.

सीईटीला गणिताचे 50 प्रश्न, 100 मार्क आणि 90 मिनिटं. त्यामुळे क्लासमध्ये सगळा भर वेगावर असायचा, आणि तो हवाच होता. पण "हे सूत्र आलं कुठून?" असं विचारलं की "पाठ करून टाक, पुढे चल" हेच उत्तर. मला तसं पुढे जाता यायचं नाही. एक पायरी कळली नाही की तीच डोक्यात फिरत राहायची.

ते पत्रांचं गणित आठवतंय ना तुम्हाला? पाच पत्रं, पाच पाकिटं, एकही पत्र आपापल्या पाकिटात जाता कामा नये, तर ती किती प्रकारे घालता येतील? शीटवर अधिक-उण्याची मोठी माळ असलेलं सूत्र छापलं होतं. तुम्ही ते वाचलंसुद्धा नाहीत. काकूंच्या कपाटातली आहेराची पाकिटं मागवलीत, त्यांवर पेन्सिलीनं अ, ब, क, ड लिहिलंत आणि म्हणालात, "पाच राहू दे बाजूला. दोन घे." दोनाला एकच प्रकार. तीनाला 2. चाराला मी एकेक मांडणी लिहून काढली, त्या 9 भरल्या. तेव्हा कुठे तुम्ही पाचवं पाकीट ठेवलंत आणि विचारलंत, "अ चं पत्र कुठे जाईल?" उरलेल्या चारांपैकी कुठेही. समजा ते ब च्या पाकिटात गेलं. मग ब चं पत्र एक तर अ च्या पाकिटात जाईल, म्हणजे दोघांची अदलाबदल झाली आणि उरली तीन पत्रं, त्यांचे 2 प्रकार. नाही तर ते तिथे जाणार नाही, म्हणजे चार पत्रांचंच कोडं पुन्हा आलं, त्याचे 9. दोन्ही मिळून 11, आणि अ ला चार जागा, म्हणून 44. "आता सहाचं तूच सांग," म्हणालात आणि चहा घ्यायला आत गेलात. 44 अधिक 9 म्हणजे 53, त्याला पाचानं गुणलं की 265. तुम्ही बाहेर यायच्या आत माझं उत्तर तयार होतं. त्या संध्याकाळी मला झालेला आनंद मार्कांनीही नंतर कधी दिला नाही, हे अगदी मनापासून सांगते.

इंटिग्रेशनचंही, म्हणजे वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ काढण्याचंही, तसंच. वर साइन, खाली साइन अधिक कॉस, शून्यापासून नव्वद अंशांपर्यंत. एक्सच्या जागी नव्वद वजा एक्स घालायचं आणि दोन्ही इंटिग्रल मिळवायची, ही युक्ती मला येत होती. ती का चालते ते कळत नव्हतं. तुम्ही 30 अंशांना किंमत काढायला लावलीत, ती 0.37 आली. 60 ला 0.63. बेरीज 1. मग 20 आणि 70, पुन्हा 1. मग पाठकोऱ्या कागदावर एक चौकट आखलीत, उंची 1, रुंदी पाय बाय टू, आणि त्यात खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जाणारी ती वक्ररेषा. कागद उजेडासमोर धरून अर्धा फेरा फिरवलात, तर चित्र जसंच्या तसं. रेषेखाली निम्मी चौकट, वर निम्मी, म्हणून उत्तर पाय बाय फोर. पुढे साइन-कॉसवर वर्गमूळ आलं, कधी त्याच गणितानं टॅनचं रूप घेतलं, पण मला ती चौकट दिसायची आणि उत्तर तिथल्या तिथे मिळायचं. वेगसुद्धा अशानंच वाढला.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे आहेत. कधीकधी तुम्ही सरळ म्हणायचात, "हे मला आत्ता येत नाहीये. कागद ठेवून जा." दुसऱ्या दिवशी शाळेच्या गणवेशातल्या माझ्या भावाच्या हाती तोच कागद परत यायचा, तुमच्या बारीक अक्षरात भरलेला, खोडलेल्या ओळींसकट. त्या खोडलेल्या ओळी मी फार लक्ष देऊन वाचायचे. मोठं माणूस एखाद्या प्रश्नाभोवती कसं फिरतं, कुठल्या वाटेनं जाऊन परत येतं, हे मला कुठल्याच गाइडमध्ये बघायला मिळालं नव्हतं.

गणिती द. रा. कापरेकरांची ओळखही तुमच्यामुळेच झाली. इथून रिक्षानं जाता येईल अशा देवळालीत या शाळामास्तरांनी कागद-पेन्सिल घेऊन अंकांशी खेळता खेळता 6174 शोधला, 1949 मध्ये तो मद्रासच्या गणित परिषदेत मांडला आणि जगभरचे गणिती आज त्याला त्यांच्याच नावानं ओळखतात, हे नाशिकमध्ये वाढूनही मला माहीत नव्हतं. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमानं लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि हेच करत राहा. सात पायऱ्यांच्या आत 6174 येतोच. तुम्ही मला त्यांचं जन्मवर्ष घ्यायला सांगितलंत, 1905. 9351, 8172, 7443, 3996, 6264, 4176, आणि मग 6174. बरोबर सात, पूर्ण सात! मी तर उडालेच. सीईटीला याचा उपयोग शून्य, हे तुम्हालाही ठाऊक होतं, तरी आपली अख्खी संध्याकाळ त्यात गेली. गणित घेऊन पुढे शिकायचं हे माझं त्याच दिवसांत ठरत गेलं.

फी म्हणून तुम्ही रुपया घेतला नाहीत. निफाडच्या मामाकडून आलेली द्राक्षांची पेटी आईनं पाठवली, तर तीही तुम्ही जिन्यात उभं राहून सगळ्या घरांना वाटलीत. काकूंनी प्रत्येक वेळी न विचारता पुढे केलेल्या पोह्यांचे आभार वेगळे, ते त्यांनाच भेटून मानेन.

आता पुण्याला बी.एस्सी. करते आहे. इथे सिद्धता लिहाव्या लागतात आणि अजूनही आधी दोन, मग तीन घेऊन बघते. धाकटा या वर्षी नववीत गेलाय. त्याला भूमितीत वर्तुळं जड जातायत आणि तुमच्याकडे यायला तो लाजतोय. तुम्हीच एकदा हाक मारा ना त्याला. दिवाळीला घरी आले की मीही येते वर, सोबत एक गणित आहे, मला अजून सुटलेलं नाही.

तुमची,
खालच्या मजल्यावरची