बाळाचं ऑपरेशन नीट पार पडलं

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

बाळाच्या जांघेतल्या गाठीचं, म्हणजे हर्नियाचं, ऑपरेशन व्यवस्थित झालं, आम्ही घरी आलो, बाळ पोटभर दूध पिऊन झोपलंय. फोनवर सांगायला घेतलं की तुझाही आवाज भरून येतो आणि माझाही, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

आई, तू विचारलंस, एवढ्याशा जिवाला भूल कशाला, थोडा मोठा झाला की गाठ आपोआप जाईल. आम्हीही डॉक्टरांना आधी हेच विचारलं. बेंबीचा हर्निया बहुतेक मुलांचा चार-पाच वर्षांचे होईपर्यंत आपोआप भरून येतो. जांघेतला येत नाही. मुलगा पोटात असताना वृषणं खाली उतरतात, तेव्हा पोटाच्या अस्तराची एक पिशवी त्यांच्याबरोबर खाली येते. तिचं तोंड पुढे बंद व्हायला हवं. ते उघडं राहिलं तर त्यातून आतडं खाली सरकतं. महिने भरायच्या आत जन्मलेल्या बाळांत हे जास्त आढळतं, आणि आपला तर केवढा लवकर आला! तर आई, तो फार रडला म्हणून असं झालं, हे मनातून काढून टाक. रडताना पोटावर जोर येतो आणि गाठ दिसते, एवढंच.

घाई केली ती आतडं अडकण्याच्या भीतीने. बाळ जितकं लहान, तितका तो धोका जास्त. गाठ कडक झाली, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. ही टांगती तलवार घेऊन रोज रात्री लंगोट बदलताना हात थरथरायचे गं.

ऑपरेशनपेक्षा त्याला उपाशी ठेवणं जड गेलं. अंगावरचं दूध भूल द्यायच्या चार तास आधी बंद, वरचं असेल तर सहा तास. पोटात दूध असलं तर भुलीत ते उलटून श्वासात जाऊ शकतं. कारण पटलेलं होतं, पण तो माझ्या छातीशी तोंड घासत हंबरडा फोडायचा. शेवटी ह्यांनी त्याला घेतलं आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. माझा वास आला की त्याला जास्तच भूक लागत होती.

भूल देताना मला आत येऊ दिलं. नाकातोंडावर छोटासा मास्क धरला. डोळे फिरतील, हातपाय जरा झटकेल, घाबरू नका, असं भूलतज्ज्ञांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून निभावलं. झटकलेच त्याने. मग अंग सैल पडलं. मी कपाळाचा पापा घेतला आणि बाहेर आले. त्यानंतरचं काय लिहू, तुम्ही समजून घ्याल.

बाबा, तुम्ही जाळीबद्दल विचारलं होतं. मोठ्यांना हर्नियाच्या जागी आधाराला बसवतात तशी जाळी बाळांना लागत नाही. पिशवी वरच्या बाजूला बांधून टाकतात, बस्स. चीर जांघेच्या वळीतच आहे, लंगोटाखाली दिसतही नाही. टाके आपोआप विरघळणारे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास भुलीनंतर मध्येच थांबू शकतो, म्हणून रात्रभर मॉनिटर लावून तिथेच ठेवलं. नर्स इतकी मायेची होती की माझ्याआधी तीच त्याच्याशी बोलायला लागायची. तिनेच सांगितलं, आता पाजा. आवाज बसला होता त्याचा, पण प्यायला मात्र दोन्ही मुठी आवळून.

आता वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल चालू आहे. खाली थोडी सूज आहे, ती उतरायला काही आठवडे लागतील, तेव्हा व्हिडिओ कॉलवर बघून काळजी करू नका. ताप आला, चीर लाल झाली किंवा तिथून पाणी आलं, तर लगेच दाखवायचं आहे. दुसऱ्या बाजूलाही कधी गाठ येऊ शकते, तिथेही लक्ष ठेवू.

आजीला तू स्वतः सांग, माझ्याशी बोलताना ती रडेल. तिने त्याला झोपेतून उठवून दाखवायला सांगितलं, तरी मी आज उठवणार नाही. तपासणी झाली की फोन करते.

तुमची,
ताई