तू फक्त हाक मार

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, मला प्रार्थनाच करता येत नाहीये. डोळे मिटले की औषधाच्या पंपाचा बीप बीप आवाज तेवढा ऐकू येतो." तेवढ्यात तुला सिस्टरनी बोलावलं आणि बोलणं राहून गेलं. म्हणून लिहितोय. सवड होईल तसं वाच.

प्रार्थना करता येत नसेल तर सध्या करू नकोस. तुझा बाप आणि मंडळीचा, म्हणजे चर्चचा, वडील (एल्डर), दोन्ही नात्यांनी हे तुला सांगतोय. कफर्णहूमच्या पक्षाघाती माणसाची गोष्ट तुला लहानपणापासून पाठ आहे. चौघांनी त्याची बाज उचलून आणली. दारात गर्दी होती, म्हणून ते धाब्यावर चढले, छप्पर उसकलं आणि बाज खाली सोडली. शुभवर्तमानात मार्क लिहितो, येशूने त्यांचा विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाच्या तोंडी त्या सबंध प्रसंगात एक शब्द नाही. त्याचा विश्वास किती, त्याने रोज प्रार्थना केली होती का, हे कोणी विचारलं नाही. तो फक्त निजून होता. जावईबापू आज मुंबईच्या हॉस्पिटलात रक्ताच्या कॅन्सरने तसेच निजून आहेत. आणि रात्रंदिवस जागून तूही त्यांच्याइतकीच थकली आहेस, म्हणून तुलाही मी बाजेवरच धरतो. कोपरे आम्ही उचलले आहेत, बाळा. ते खाली ठेवायचा आमचा विचार नाही.

कोण कोण उचलतंय ते तुला ठाऊक असावं. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब नाव घेऊन प्रार्थना करतात, ते तुला माहीतच आहे. शिवाय बुधवारची महिला सभा आता आपल्याच घरी भरते. त्यात तुझ्या आईला कोणी बोलायला लावत नाही, ती रडली तर रडू देतात. रात्रीचे तासही वाटून घेतले आहेत. दहा ते अकरा एक घर, अकरा ते बारा दुसरं, असं पहाटेपर्यंत. ही कल्पना तरुण संघाच्या मुलांची. त्यांना गेथशेमाने बाग आठवली, प्रभूला धरून नेलं त्या रात्रीची. त्या रात्री प्रभू शिष्यांना म्हणाला, इथे थांबा आणि माझ्यासोबत जागे राहा. देवाच्या पुत्रालासुद्धा अशा रात्री सोबत हवी होती. शिष्य झोपी गेले. आपली मंडळी जागते आहे. रात्री दोनला तुला जाग आली, तर त्या घडीला नगरमध्ये कोणीतरी तुमच्या दोघांची नावं घेत असतं, एवढं लक्षात ठेव.

आता तुझ्या वाट्याचं काम सांगतो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात दुखणाइताविषयी लिहिलं आहे. त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी येऊन तेल लावावं आणि प्रार्थना करावी. नीट बघ, आजाऱ्याकडे आणि त्याच्या माणसांकडे एकच काम दिलं आहे, हाक मारायचं. बाकीचं येणाऱ्यांनी करायचं. आणि तू कोणी फोन केला की म्हणतेस, "सगळं ठीक आहे, काही लागत नाही." तू लहानपणापासून अशीच, पडलीस तरी गुडघा झाकून घरात यायचीस. पण आता ते चालायचं नाही. काय लागतं ते सांगायचं. पैसे लागत असतील तर आकडा सांगायचा. कपडे धुवायला कोणी हवं असेल तर तेही सांगायचं. मागण्यात कमीपणा नाही, पवित्र शास्त्रानेच तुला मागायला सांगितलं आहे.

प्लेटलेटचंच घे, रक्त गोठवणाऱ्या त्या पेशींचं. आयुष्यभर सायन्स शिकवलं म्हणून मी हे जरा खोलात वाचलं. पहिल्या किमोत सात दिवस एक औषध आणि त्यातले तीन दिवस सोबत ते लाल रंगाचं दुसरं, असं दिलं ना? ती औषधं रोगट पेशींबरोबर हाडांच्या मज्जेतल्या चांगल्या पेशीही मारतात. मग नव्या पेशी तयार होईपर्यंतचे दोन-तीन आठवडे माणूस दुसऱ्यांच्या रक्तावर काढतो. प्लेटलेट दहा हजारांच्या खाली गेल्या की आपोआप रक्तस्राव व्हायची भीती, म्हणून त्या बाहेरून द्याव्या लागतात. आणि त्या साठवून ठेवता येत नाहीत, पाच दिवसांत वाया जातात. म्हणजे आज कोणाकडे तरी भरपूर आहेत म्हणून पुढच्या पंधरवड्याची सोय झाली, असं होत नाही. दर वेळी नवा माणूस येऊन खुर्चीत बसावा लागतो. मशीन त्याच्या रक्तातल्या प्लेटलेट काढून घेतं आणि बाकीचं रक्त त्याला परत करतं. दीड-दोन तास हात हलवता येत नाही.

हे मी उपासनेनंतर पुढे उभं राहून सगळ्यांना समजावून सांगितलं. वजन पन्नास किलोच्या वर हवं, आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको, हेही सांगितलं. मुलांनी तिथल्या तिथे नावं दिली. एक जण म्हणाला, "सर, मला मोठ्यानं प्रार्थना करायला जमत नाही, पण खुर्चीत बसायला जमेल." बाळा, इतकी वर्षं मी मंडळीत आहे, याच्याहून चांगली प्रार्थना मी फार थोड्या ऐकल्या. मला स्वतःला वयामुळे घेणार नाहीत, याचं फार वाईट वाटलं. म्हणून कोणी कोणत्या दिवशी यायचं ही वही मी सांभाळतो. तिथून मागणी आली की तू फक्त मला कळवायचं, दाता शोधत फिरायचं नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती तुझ्या कानावर आली आहे आणि तुला लागली आहे. आपल्याच नात्यातल्या कोणी तुला म्हटलं, की विश्वास पुरता असता तर एव्हाना गुण आला असता, आणि औषधांवर भरवसा ठेवण्यापेक्षा नुसत्या प्रार्थनेने बरं करतात म्हणतात त्या आरोग्यसभेला घेऊन जा. ते मनाला लावून घेऊ नकोस आणि तसं काही करू नकोस. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर गप्प बसून होते, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून ते त्याच्या दुःखाचं कारण त्याच्यातच शोधू लागले, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची छाती आहे?

आणि औषधाचं म्हणशील, तर पौलाच्या सोबतीला असणाऱ्या लूकला शास्त्र 'प्रिय वैद्य' म्हणतं. डॉक्टर वॉनलेस ख्रिस्ताचं नाव घेऊन आपल्या मुलखात आले आणि त्यांनी १८९४ मध्ये मिरजेला दवाखाना उघडला. आपल्या नगरला २०२० मध्ये कोविडच्या भीतीने माणसं माणसांपासून पळत होती, तेव्हा बूथ हॉस्पिटलने रुग्णांना दार उघडं ठेवलं, ते तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. ऑपरेशनआधी प्रार्थना आणि प्रार्थनेनंतर ऑपरेशन, आपण या वाटेने आलेली माणसं आहोत. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली असताना त्यांना हजारोंच्या गर्दीत नेणं हा विश्वास नव्हे, ते त्यांच्या जिवाशी खेळणं आहे. तुला पुन्हा कोणी असं म्हणालं तर माझा नंबर दे. मी बोलेन त्यांच्याशी.

याच कारणासाठी पाळकसाहेबांना आणि मला आत सोडणार नाहीत, हे तू सांगितलंस ते बरं केलंस. तेल लावता येणार नाही, डोक्यावर हात ठेवता येणार नाही, म्हणून तू खंतावली होतीस. शताधिपतीचा, म्हणजे शंभर शिपायांवरच्या रोमी अंमलदाराचा, चाकर घरी अंथरुणाला खिळला होता आणि शताधिपती येशूला म्हणाला, तुम्ही माझ्या छपराखाली यावं एवढी माझी योग्यता नाही, शब्द बोला म्हणजे पुरे. येशू त्या घरी गेलाच नाही. चाकर त्याच घटकेला बरा झाला. आम्ही नगरहून हात जोडतो ते वॉर्डाच्या दारापाशी अडणार नाहीत.

तू देवावर रागावली आहेस, हे तू बोलली नाहीस तरी मला कळलं. रागाव. तेराव्या स्तोत्रात दावीद देवाला सरळ विचारतो, तू मला किती वेळ विसरणार? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर काळोखातच संपतं, शेवटच्या ओळीतसुद्धा उजेड नाही. तरी ते शास्त्रातून कोणी काढून टाकलं नाही. देवापुढे असंही बोलता येतं म्हणूनच ते तिथे आहे. आणि बोलायलाही शब्द नसले, तर आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हत मध्यस्थी करतो, असं रोमकरांस पत्रात लिहिलं आहे. तुझं रात्रीचं उसासणं वाया जात नाही.

मी काय मागतो तेही तुला सांगतो. जावईबापू बरे व्हावेत, एवढंच मागतो. 'तुझी इच्छा होवो' हे मला घाईने म्हणायचं नाही. प्रभूनेही आधी हा दुःखाचा प्याला दूर कर असं मागितलं, घाम गाळून मागितलं, आणि मग पुढचं वाक्य उच्चारलं. ते पुढचं वाक्य मला रोज म्हणता येतं असं नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी म्हणतो. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं बोलून तुला धीर देणार नाही.

धर्मशाळेतल्या त्या मावशींबद्दल तू लिहिलंस ते मी तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं. त्यांचा मुलगा तिथे उपचाराला, आणि तरी रोज संध्याकाळी हरिपाठ झाला की तुझ्या नवऱ्याचं नाव घेऊन विठ्ठलापुढे हात जोडतात, तुझ्यासाठी भाकरी झाकून ठेवतात. गाडगेबाबांच्या नावाच्या त्या दादरच्या छपराखाली हे घडतं, यात मला नवल वाटत नाही. आपले ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक म्हणायचे, तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. येशूच्या दाखल्यात वाटेत पडलेल्या जखमीला उचलणारा परका मानला गेलेला शोमरोनी होता, जखमीच्या स्वतःच्या धर्माचे दोघे जण बाजूने निघून गेले होते. त्या मावशींची भाकरी खा, संकोच करू नकोस. त्यांच्या मुलाचं नाव विचारून मला कळव, आपल्या रात्रीच्या यादीत घालतो. आणि त्यांना भाजी निवडून दे, बसून त्यांचं ऐक. तुला सध्या देवाशी बोलता येत नसलं तरी त्यांच्याशी बोलता येतं ना?

छोटी बरी आहे. शाळेत जाते. रात्री अंथरुणावर बसून आपल्या मनाने प्रार्थना करते, 'देवा, डॅडींच्या रक्तात चांगल्या पेशी घाल'. आम्ही शिकवलेलं नाही. डॅडींना कसला आजार आहे ते तिला आम्ही तिच्या वयाला समजेल तेवढं खरं सांगितलं आहे. लपवलं की मुलं जास्त घाबरतात, असं मला वाटतं. तिचा आवाज रेकॉर्ड करून तुझ्या आईने पाठवला आहे. जावईबापूंना बरं वाटत असेल तेव्हाच ऐकव.

शुक्रवारी पहाटेच्या गाडीने तरुण संघाची दोन मुलं निघतील. एक प्लेटलेट देईल, दुसरा दोन रात्री तुझ्या जागी थांबेल. त्या दोन रात्री तू धर्मशाळेत जाऊन झोपायचं, यावर वाद नको. त्यांच्याबरोबर तुझी आई लसणाची चटणी आणि नाचणीचं पीठ पाठवते आहे. जावईबापूंना त्यातलं काय चालेल ते आधी डायटिशियनला विचार, कच्चं काही देऊ नकोस. बोन मॅरोची तपासणी पुन्हा कोणत्या दिवशी ठरली, आणि पुढच्या प्लेटलेट कधी लागतील, हे दोन्ही गुरुवारपर्यंत कळव, म्हणजे वहीत नावं भरता येतील.

तुझे,
पप्पा

ता. क. आई विचारते, तुला चपला घ्यायच्या होत्या त्या घेतल्यास का? नसतील तर माप सांग, मुलांबरोबर पाठवतो.