एक तवा वेगळा लागेल

पुणे, रविवार रात्र

सद्या,

दिवाळीपासून तुला लिहायचं घोळतंय. तुझ्या शेवटच्या निरोपाला उत्तर दिलं नाही हे खरं, पण वहिनींच्या ऑपरेशनचं तूही मला तिसऱ्याच माणसाकडून कळू दिलंस, तेव्हा फिटंफाट. माझी शुगर ठीक. हिची मान ठीक. ही अजून नगरच्याच शाखेत आहे, शनिवारी येते, सोमवारी पहाटे जाते. म्हणजे मधले दिवस स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. हस. पोटभर हसून घे, मग पुढचं वाच.

चिमीला गहू बंद झाल्याचं तुझ्या कानावर आलं असेलच. लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन हिमोग्लोबिन जागचं हलेना, उंची अडली, आणि घरचे सगळे ‘ठेवणच बारीक आहे’ म्हणून मोकळे. शेवटी टीटीजी नावाची रक्ततपासणी, मग दुर्बीण घालून आतड्याचा बारीकसा तुकडा. सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनानं आतडं खराब होतं. गहू, जव, राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) जन्मभर बंद. याला गोळी नाही, पथ्य हेच औषध. तुझ्या भाच्याचं पोटही सारखं बिघडतं ना? त्याला दाखवा, पण तपासणीआधी गहू सोडू नका म्हणावं. गहू सोडला की रक्तातल्या अँटिबॉडीज उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो.

आता माझा संसार ऐक. घरी पोचायला साडेसात, आणि आठला चिमीला भूक. तेवढ्यात होईल ते आमचं जेवण. सकाळी निघताना सालाची मूगडाळ भिजत टाकतो, आल्यावर आलं-मिरची घालून मिक्सरमधून काढली की धिरडी. नाहीतर पिठलं-भात, कुकरची वाफ जिरेपर्यंत पिठलं रटरटायला लागतं. आणि उकड! आंबट ताकात तांदळाचं पीठ गुठळी न ठेवता कालवायचं, लसणाच्या फोडणीवर ओतायचं आणि हात थांबवायचा नाही. मिश्रण कढईच्या कडा सोडायला लागलं की झाकण ठेवून दणदणीत वाफ, वर कच्चं तेल. चिमी खरवडीसाठी उलथनं घेऊन उभीच असते. अगदीच उशीर झाला तर भगर आणि दाण्याची आमटी. परवा ताट बघून म्हणाली, “बाबा, आज कुठली एकादशी?” आमच्याकडे आता बाराही महिने एकादशी.

पण गहू कुठे कुठे दडून बसतो रे! रवा, शेवया, दलिया हे कुणालाही कळेल. हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं हे तुला माहीत होतं? मेतकुटात गहू, सोया सॉसमध्ये गहू, विकतच्या थालीपीठाच्या भाजणीतसुद्धा. वाण्याच्या दुकानात मी जवळचा चष्मा लावून पाकिटं उलटीपालटी करत उभा राहतो, मागची माणसं खाकरतात. भाजणी आता मीच भाजतो. गिरणीत दिवसभर गहूच पडतो, म्हणून घरघंटी घेतली. तिच्या आसपास गव्हाचा दाणा फिरकू देत नाही. अख्ख्या घरात सोवळं पाळणारा मी एकटाच. माझी आजी असती तर धन्य झाली असती.

आणि सद्या, भाकरी. त्या खोलीत तू रोज थापायचास आणि बडबडायचास. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही म्हणून पाणी उकळतं हवं, पीठ जुनं झालं की विरी जाते, मग कडा फाटतात, मळताना तळहाताची टाच लागली पाहिजे. मी पेपर वाचत असायचो. परवा माझी फुगली. टम्म! पदर सुटून वाफ बाहेर आली. मी ओरडलो तर चिमी घाबरून बाहेर आली. तिला काय कळणार. आता ‘मी तेव्हाच सांगत होतो’ असं लिहून पाठवू नकोस. २०१६ला तुमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा तूच ती पेरल्यासारखा मिरवत होतास, तेवढं पुरे. आणि तुझ्या आईचा तवा मी हरवलेला नाही. खोली सोडताना तो तुझ्याच ट्रंकेत होता, हे पुन्हा एकदा लिहून ठेवतो.

आता मुद्द्याचं. चिमीला तुमच्या सोलापूरलाच शिकायचंय, हॉस्टेलवर राहून. आणि माझी झोप उडालीय.

मागे शेजारी सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा चिमीच्या हातावर पडला. नको म्हणाली नाही. मूठ अर्धी मिटून उभी, तूप मनगटाकडे ओघळतंय आणि डोळे माझ्याकडे. मी तिच्या हातातून घेऊन खाल्ला, तर तिथल्या एक आजी म्हणाल्या, “प्रसादानं कुणाचं वाईट होत नाही हो.” घरी आल्यावर तिला म्हटलं, नको म्हणायला काय होतं? म्हणाली, “मग सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावं लागतं.”

मी शेजारी उभा असताना ही तऱ्हा. मेसमध्ये कोण असणार आहे? पोळपाटावरून पीठ उडतंय, तवा एकच, भाकरी मिळाली तरी त्याच तव्यावरची. मैत्रिणी पावभाजीला निघाल्या की चिमी मुकाट्यानं पाव खाईल आणि मला फोनवर सांगेल, जेवले बाबा. लगेच काही दिसलं असतं तर निदान धाक राहिला असता. कित्येकदा वरून काहीच कळत नाही, आतड्याचं अस्तर आतल्या आत खराब होत राहतं. ही म्हणते, जाऊ दे, शिकेल आपोआप. नगरला बसून म्हणायला काय जातंय! मी म्हटलं, पुण्यात कॉलेजं काय कमी आहेत? तर चिमी म्हणते, “तुम्हालाच करमणार नाही, स्वयंपाक कुणासाठी करणार?” कार्टी तुझ्यावर गेलीय, नको तिथे नेम धरते.

तर काम असं. हॉस्टेल नको, तुमच्या बाजूला एखादी खोली बघ. आणि डबा देणारी मावशी. ‘भाकरी करता का’ एवढंच विचारून येऊ नकोस, सोलापुरात सगळ्याच करतात. पीठ कुठे दळता, पोळ्या त्याच तव्यावर भाजता का, परात एकच का, हे विचार. तवा-परात आम्ही नवी देऊ, पीठ मी इथून दळून पाठवीन. ‘आमच्याकडेच राहू दे’ असं तू म्हणणार, म्हणून आधीच सांगतो, वहिनींच्या गुडघ्याला ते झेपणार नाही. रविवारी जेवायला बोलाव, पण तवा वेगळा. आणि पोरीला जरा भांडायला शिकव. ते तुला चांगलं जमतं.

थोरल्याचं ठरलं म्हणे? मुलगी कुठली? सगळं लिही. अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, त्याआधी खोलीचं कळव. फोन करू नकोस, फोनवर तू ज्वारीचे भाव सांगत बसतोस.

तुझा,
पंत